घाट नसलेल्या गावात घाटाची तयारी

फ्रान्समधल्या नीसच्या आयर्नमॅन शर्यतीत 180 किलोमीटर सायकलिंगमध्ये सुमारे 2400 मीटर चढ असतो. सपाट मुलखातल्या माणसाने त्याची तयारी करायची कशी?

सपाटीवर ताकद मुख्यतः हवा कापण्यात जाते, चढावर वजन वर नेण्यात. सायकलसह 85 किलो धरले, तर 6 टक्के चढावर ताशी 15 किलोमीटरने जायला नुसत्या गुरुत्वाकर्षणापोटीच 200 वॅटहून जास्त लागतात. पायडल जरा सैल पडलं की सायकल मंदावते; उसंत नाहीच. सपाटीवर अशी उसंत न देणारा असतो तो समोरचा वारा. म्हणून तो गाठा, जड गिअर टाका आणि मिनिटाला 60 फेऱ्यांच्या आसपास, वीस मिनिटं सलग रेटा. गुडघा कुरकुरला तर गिअर लगेच हलका करा. उताराच्या वळणाआधी ब्रेक कुठे दाबायचा, हे मात्र वारा शिकवत नाही. त्यासाठी शर्यतीआधी खऱ्या घाटात जायलाच हवं.