तान्हं बाळ रात्रीच का रडतं?

हदगाव असो की आसपासचं एखादं खेडं, रात्री दोन वाजता तान्हं बाळ रडू लागलं की घरात सल्ले सुरू होतात. नजर लागली, आईनं वातूळ खाल्लं, दूध पुरत नाही. दुआ आपण करतोच, करायलाच हवी. पण बाळ का रडतंय, हेही समजून घेऊ या.

पहिलं कारण भूक. बाळाचं पोट इवलंसं, आणि आईचं दूध लवकर पचतं. म्हणून २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. दुसरं म्हणजे, बाळाला दिवस-रात्र कळायला दोन-तीन महिने लागतात. ओलं दुपटं, थंडी, जास्त गुंडाळल्यामुळे होणारा उकाडा, किंवा नुसती आईची ऊब हवी असणं, हीही कारणं असतात.

निरोगी बाळाचंही रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं. तीन-चार महिन्यांत ते कमी होतं. म्हणजे चिल्ला संपून मदतीला आलेल्या बाया घरी परततात, नेमकं तेव्हाच. अशा वेळी थकलेल्या आईला "तुझंच दूध कमी" असं ऐकवू नये. बाळ दिवसभरात सहा-सात वेळा लघवी करतंय, वजन वाढतंय, तर दूध पुरतंय. जमाअतमध्ये बाळाचं रडणं कानावर आलं की आईला त्रास नको म्हणून नबी करीम (स.) नमाज आवरती घेत, असं सहीह हदीसमध्ये आहे. मग अब्बांनी थोडी रात्र बाळाला खांद्यावर घेतलं तर काय बिघडलं?

सहा महिने फक्त आईचं दूध द्या. घुटी, पाणी नको. मध तर वर्षाच्या आत चाटवूच नका. त्यातल्या जंतूंमुळे बाळ लुळं पडू शकतं. रडणं थांबत नाही म्हणून बाळाला गदागदा हलवू नका, मेंदूला इजा होते.

अंग तापलं किंवा गार पडलं, बाळ दूध ओढेना, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त झाला, हिरवी उलटी झाली, झटके आले, किंवा रडणारं बाळ एकदम सुस्त पडलं, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, सरकारी दवाखाना गाठा. तिथून सांगितलं तर नांदेडला विष्णुपुरीला न्या. एरवीच्या शंका आशाताईंना विचारा. जन्मानंतर ४२ दिवसांपर्यंत त्या ठरलेल्या दिवशी घरी येतात.

दम करायचा असेल तर तो गाडीत बसूनही करता येतो. आधी दवाखान्याकडे निघा.