टॉवेल कडक का होतात? घरातल्याच वस्तूंनी मऊ कसे ठेवाल?

रमजान जवळ आला की घराघरांत साफसफाई सुरू होते. पडदे उतरतात, चादरी धुतल्या जातात, दस्तरखान पेटीतून बाहेर येतात. गेल्या वर्षी आमच्या घरीही अशीच धावपळ चालू होती. तेव्हा दादींनी एक टॉवेल हातात घेऊन सुनेला हाक मारली, "बेटा, हा टॉवेल पुसत नाही गं, ओरबाडतो. दिवसातून पाच वेळा वुजू करायचा, थंडीत कातडी आधीच फुटलेली. मला माझी जुनी ओढणीच दे."

टॉवेल स्वच्छ होता, दर दोन दिवसांनी धुतला जात होता. तरी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईला तोंड पुसायला फाटकी ओढणी घ्यावी लागते, याची आम्हाला लाज वाटली.

मग आम्ही बहुतेक घरांत होते तेच केले. पावडर वाढवली, फेस वाढवला, वर सुगंधी सॉफ्टनर ओतले. टॉवेल हाताला गुळगुळीत लागू लागला, पण पाणी टिपेनासा झाला. तोंड पुसले तरी ओलेच! तेव्हा कळले की आपण टॉवेलात काही कमी घालत नव्हतो. उलट घातलेले बाहेर काढत नव्हतो.

कडकपणा येतो कुठून?

टॉवेलाच्या अंगावर सुताचे हजारो छोटे फास असतात. ते मोकळे उभे राहिले की टॉवेल मऊ लागतो आणि पाणी पटकन शोषतो. ते चिकटून बसले की टॉवेल पापडासारखा होतो.

याचे पहिले कारण जड पाणी. महाराष्ट्रात बोअरवेलच्या पाण्यावर चालणारी घरे पुष्कळ आहेत. पाण्याला फेस येत नसेल, डाळ लवकर शिजत नसेल, नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरत असेल, तर पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त आहेत असे समजावे. हेच क्षार सुतात साचतात.

दुसरे कारण जास्तीची पावडर. फेस म्हणजे स्वच्छता, हा आपला गैरसमज आहे. न निघालेली पावडर सुतातच वाळते. तिसरे कारण सॉफ्टनर. ते धाग्यांवर बुळबुळीत थर चढवते. स्पर्श मऊ लागतो, पण पुन्हा पुन्हा वापरल्यास शोषण्याची ताकद कमी होते.

चौथे कारण वाळवण्यात आहे. जपानमधील होक्काइडो विद्यापीठ आणि काओ कंपनीच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले, की दोरीवर वाळलेल्या सुतावरही पाण्याचा अतिशय सूक्ष्म अंश राहतो आणि तो धाग्यांना गोंदासारखा एकमेकांशी जोडतो. म्हणून वाळलेला टॉवेल हाताने चोळला की थोडा मऊ होतो.

कडक टॉवेल पुन्हा मोकळा करताना

एका वेळी दोनच टॉवेल घ्या. बादलीभर सोसेल इतक्या गरम पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवा आणि टॉवेल तासभर भिजू द्या. पावडर अजिबात घालू नका. मग हातमोजे घालून किंवा काठीने चांगले घुसळा, कारण हा सोडा हाताला झोंबतो. आम्ही हे पहिल्यांदा केले तेव्हा पाणी गढूळ झाले आणि वर फेस आला. पावडरचा कणही घातला नव्हता. तो सगळा मागच्या धुण्यांचा साठलेला फेस होता!

फेस येणे थांबेपर्यंत साध्या पाण्यातून विसळा. शेवटच्या बादलीत अर्धी वाटी सिरका, म्हणजे दुकानात मिळणारे पांढरे व्हिनेगर घाला. पंधरा मिनिटे ठेवून पिळा. सिरका आंबट असल्यामुळे क्षारांचा थर विरघळतो. त्याचा वास वाळताना उडून जातो. आपल्याकडे सिरक्याला सालन म्हणून मान आहे. तो धुण्यातही असा उपयोगी पडतो.

चार गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. सोडा आणि सिरका एकाच पाण्यात घालू नका. दोघे एकमेकांचा असर घालवतात. सिरका आणि ब्लीच तर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. मशीनमध्ये प्रत्येक धुण्याला सिरका नको. त्याने रबरी भाग खराब होऊ शकतात. महिन्या-दीड महिन्यातून एकदा पुरे. रंगीत टॉवेलाचा एक कोपरा आधी भिजवून पाहा.

रोजची सवय

पावडर नेहमीच्या निम्मी करून पाहा. मशीनमध्ये टॉवेल कोंबू नका. पिळल्यावर प्रत्येक टॉवेल दोन्ही टोकांना धरून जोरात झटका, मगच दोरीवर टाका. ऊन आणि वारा दोन्ही लागू द्या. वाळल्यावर पुन्हा एकदा झटका, हाताने चोळा. इस्त्री करू नका. तिने फास दबतात. नवा टॉवेलही आधी धुऊन मगच वापरावा. सोलापूरचे टेरी टॉवेल भौगोलिक मानांकन मिळवून नावाजले आहेत. पण टॉवेल कितीही चांगला असला तरी धुणे चुकले की तो कडक होणारच.

वुजूच्या जागी एकच टॉवेल दिवसभर ओला लटकत असेल तर त्याला कुबट वास येतो. घरात कोणाचे डोळे आले असतील तर त्याच टॉवेलातून आजार सगळ्यांना लागतो. म्हणून प्रत्येकाचा टॉवेल वेगळा असावा.

पाण्याचे काय?

जास्त विसळायचे तर पाणी जास्त लागणार, असे कोणी म्हणेल. खरे तर पावडर कमी घातली की विसळायच्या बादल्याही कमी होतात. शेवटचे स्वच्छ पाणी पुढच्या घाण्याला पहिल्यांदा विसळण्यासाठी वापरता येते, नाही तर मोरी आणि संडास धुवायला. इस्राफ कुरआनने नापसंत केला आहे. तो पाण्याचाही आणि पावडरीचाही. साबणाचा अंश राहिला म्हणून टॉवेल नापाक होत नाही, हे खरे. पण आपल्या वडीलधाऱ्यांच्या आणि लेकरांच्या कातडीला तो बोचू नये, हेही आपलेच काम आहे.

आठवडाभरात आमचे सगळे टॉवेल या पद्धतीने धुऊन झाले. दादींनी एक गालाला लावून पाहिला, वुजू करून तोंड पुसले आणि जुनी ओढणी सुनेच्या हाती दिली, "घे, आता हिने फरशी पूस." यंदाच्या रमजानपूर्वी तुमच्या घरीही करून पाहा. इन्शाअल्लाह, नवे टॉवेल घेण्याचा खर्चही वाचेल.