अवसेच्या रात्री वर येणारा मासा

बेळगाव-निपाणी भागातल्या नद्या समुद्राकडे पाठ करून निघतात. वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मार्कंडेय, मलप्रभा. अरबी समुद्र शंभर किलोमीटरच्या आत असताना त्या पूर्वेला वळतात आणि कृष्णेच्या सोबतीनं पार बंगालच्या उपसागरापर्यंत जातात. म्हादई मात्र वेगळी. खानापूर तालुक्यात देगावच्या रानात तिचा उगम. तिथून ती पश्चिमेला घाट उतरते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीला समुद्राला मिळते. तलवार माशाबद्दल लिहायला घाटमाथ्यावरचा माणूस का बसला, असं कुणी विचारलं तर मी म्हादईकडे बोट दाखवीन. आमच्या रानातलं पाणी त्याच्या घरापर्यंत जातं.

त्याचं घर मांडवीच्या मुखापासून बरंच दूर आहे. गोव्याच्या किनाऱ्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरपर्यंत समुद्राचा तळ हळूहळू उतरत जातो. हे समुद्राचं पठार. बांगडा, तारली, सुरमई, कोळंबी, म्हणजे आपल्या ताटातलं जवळजवळ सगळं याच पट्ट्यातलं. पठार संपलं की तळ एकदम खाली जातो, चोर्ल्याच्या घाटात रस्ता जातो तसा. या पाण्यातल्या घाटाच्या पलीकडे तलवार मासा राहतो.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच आहे, आंबोली सातशेच्या जवळपास. तलवार मासा दिवसा जवळजवळ तेवढाच खाली असतो. पाचशे-सहाशे मीटर, कधी त्याहूनही खोल. सूर्य मावळला की तो वर निघतो आणि अंधार पडेपर्यंत पृष्ठभागाजवळ येतो. उजाडायच्या आत पुन्हा खाली. सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढून यावं आणि पहाटे पुन्हा उतरावं, तसा हा त्याचा रोजचा प्रवास. म्हणूनच गळानं त्याला धरू पाहणारे लोक रात्रीच निघतात.

आधी ओळख नीट करून घ्यायला हवी, कारण आपल्याकडे नावांचा घोळ फार आहे. मार्च २०२१ मध्ये उडुपीजवळच्या मालपे बंदरात एक प्रचंड मासा जाळ्यात आला आणि त्याची छायाचित्रं मोबाइलवर सगळीकडे फिरली. तो होता करवत मासा. त्याच्या लांब सोंडेच्या दोन्ही कडांना दाते असतात, तो शार्क आणि वागळीच्या कुळातला आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला धरायला बंदी आहे. तलवार माशाचा त्याच्याशी काही संबंध नाही. मोरमासा, म्हणजे पाठीवर शिडासारखा पर उभारणारा सेलफिश, हा त्याचा लांबचा भाऊबंद. पण मोरमाशाचं तोंड भाल्यासारखं गोल निमुळतं असतं. तलवार माशाचं पातं मात्र चपटं, दोन्ही कडांना धारदार आणि लांबीला अंगाच्या जवळजवळ एक तृतीयांश. मोठा झाला की त्याचे दात जातात, खवलेही जातात. त्याच्या कुळात आज तो एकटाच उरला आहे.

तो रात्री वर का येतो, याचं उत्तर त्याच्या खाण्यात आहे. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारवाल्यांना खोल समुद्रात मध्येच एक तळ दिसू लागला. दिवसा तो काहीशे मीटर खाली असे आणि रात्री वर सरके. तो तळ नव्हताच. कंदीलमासे, लहान कोळंबी, माकूल अशा असंख्य जिवांचा तो थर होता. हे जीव दिवसा उजेडाला भिऊन खाली दडतात आणि रात्री चरायला वर येतात. पृथ्वीवर रोज घडणारं एवढं मोठं दुसरं स्थलांतर नाही. अरबी समुद्रात कंदीलमासे आणि जांभळ्या पाठीचा मोठा माकूल, दोन्ही विपुल आहेत. तलवार मासा या थराच्या मागोमाग खाली जातो आणि मागोमाग वर येतो.

पण पाठलाग करायचा तर दिसायला हवं. पाचशे मीटरवर जवळजवळ काळोख असतो आणि पाणी थंडगार. थंडीत डोळे आणि मेंदू मंदावतात. या अडचणीवर तलवार माशाच्या शरीरानं काढलेली वाट मला त्याच्या तलवारीपेक्षाही थोर वाटते. त्याच्या डोळ्याला हलवणाऱ्या स्नायूंपैकी एकानं आकुंचनाचं काम जवळजवळ सोडूनच दिलं आहे. तो फक्त उष्णता तयार करतो. ती रक्ताबरोबर वाहून जाऊ नये म्हणून तिथे बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं आहे. आत येणारं थंड रक्त बाहेर जाणाऱ्या गरम रक्ताकडून ऊब घेतं. अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेचे फ्रान्सिस कॅरी यांनी १९८२ मध्ये ही मेंदूतली शेगडी जगापुढे मांडली. भोवतीच्या पाण्यापेक्षा मेंदू आणि डोळे दहा-पंधरा अंशांनी गरम राहतात. बाकीचं शरीर थंडच. पुढे २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या डोळ्यातला पडदा वेगवेगळ्या तापमानांत तपासला. उबदार डोळा वेगानं हलणारी वस्तू थंड डोळ्याच्या दहापटीहून अधिक चांगली टिपतो. काळोखात निसटता माकूल त्याला दिसतो तो असा. बशीएवढ्या त्या निळ्या डोळ्याचं छायाचित्र एकदा नीट पाहा. मासळीच्या पाटीतल्या डोळ्यांसारखा तो वाटत नाही.

तलवारीनं तो सहसा भोसकत नाही, सपासप आडवे वार करतो. क्वचित भोसकतोही. १९६७ मध्ये अमेरिकेची 'आल्विन' ही संशोधक पाणबुडी सहाशे मीटर खोलीवर असताना एका तलवार माशानं तिच्यावर झेप घेतली आणि त्याचं पातं बाहेरच्या आवरणाच्या सांध्यात अडकलं. पाणबुडी त्याला घेऊनच वर आली. त्या रात्री तो तिथल्या लोकांच्या जेवणात होता. तो ताशी शंभर किलोमीटर वेगानं पोहतो असं जुन्या पुस्तकांत असतं, पण जहाजाच्या लाकडात रुतलेल्या पात्यांवरून बांधलेला तो अंदाज होता. त्यावर मी विश्वास ठेवत नाही.

त्याला धरायची सर्वांत जुनी नोंद इटलीच्या मेसिना सामुद्रधुनीतली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ग्रीक इतिहासकार पॉलिबियसनं तिथल्या भालेकऱ्यांचं वर्णन केलं आहे: एक जण उंचावरून टेहळणी करतो आणि होडीतला दुसरा भाला मारतो. हे काम दिवसाचं, कारण तलवार मासा कधीकधी दिवसाही उन्हात पाण्यावर पडून राहतो. खोल थरात प्राणवायू कमी असला की तो श्वास भरून घ्यायला आणि अंग शेकायला वर येत असावा, असं काही अभ्यासकांना वाटतं. आपल्या अरबी समुद्रात दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंतचा थर प्राणवायूला अतिशय पारखा आहे. कितीतरी मासे तिथे टिकत नाहीत. अशा पाण्यात उतरायची ताकद तलवार माशात आहे, हे पूर्व पॅसिफिकमध्ये खुणा लावून सोडलेल्या माशांनी दाखवलं.

रात्रीच्या शिकारीची रीत वेगळी. होडीचं इंजिन बंद करून तिला प्रवाहाबरोबर सोडून देतात. तीन-चार गळ वेगवेगळ्या खोलीवर, कुठे तीस मीटर तर कुठे शंभर. गरीला शिवून घट्ट केलेला माकूल आणि त्याच्या थोडं वर एक छोटी प्रकाशकांडी, थेंबभर हिरवा उजेड. फ्लोरिडाजवळ क्यूबाचे मच्छीमार रात्री दोर टाकत, ते पाहून १९७० च्या दशकात हौशी लोकांनी ही पद्धत उचलली. मग वाट बघणं. पहिली खूण म्हणजे गळाच्या काठीचं टोक हलकेच लवतं: त्यानं आमिषावर पात्याचा वार केलेला असतो. नंतर काहीच नाही. अननुभवी माणूस इथेच घाई करतो. कित्येकदा पुढे दोर ताणला न जाता ढिलाच पडतो, कारण आमिष तोंडात घेऊन मासा वर निघालेला असतो. आता दोर भराभर गुंडाळायचा. गरी लागल्याचं कळलं की तो सरळ खाली सुटतो आणि शेकडो मीटर दोर ओढून नेतो. त्याच्या तोंडाचं मांस मऊ असतं, जोर जास्त लावला तर गरी फाडून निघते. म्हणून ही झुंज तास तास चालते आणि पहाटही होते. होडीजवळ आल्यावर शेवटची धडपड सर्वांत धोक्याची, कारण पातं तेव्हा माणसाच्या हाताच्या टप्प्यात असतं.

अशा झुंजीतला आजवरचा सर्वांत मोठा मासा ७ मे १९५३ रोजी चिलीच्या इकिकेजवळ लू मॅरॉन यांनी धरला. वजन ५३६ किलो. सत्तर वर्षं उलटली तरी तो विक्रम मोडलेला नाही.

आपल्या बाजूला हा मासा बहुतेक लाँगलाइनवर येतो. कित्येक किलोमीटर लांबीचा मुख्य दोर, बोयांवर तरंगता, आणि त्याला लोंबणाऱ्या शेकडो गऱ्या. भारतीय मत्स्य सर्वेक्षण या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय मुंबईत आहे आणि एक तळ मुरगावला. १९४६ मध्ये मुंबईतल्या खोल समुद्रातल्या मासेमारीच्या छोट्या केंद्रातून ती वाढली. तिची जहाजं कुप्याच्या, म्हणजे ट्यूनाच्या शोधात अरबी समुद्रात लाँगलाइन टाकतात. कुप्याबरोबर मोरमासा, मोरी आणि तलवार मासाही गऱ्यांना लागतो. मुद्दाम तलवार मासाच धरायचा असेल तर दोर दिवस मावळताना टाकतात आणि पहाटे ओढतात. दक्षिण हिंदी महासागरात रीयुनियन आणि सेशेल्सच्या बाजूला १९९० च्या दशकात ही मासेमारी जोरात वाढली.

महाकाय मासा दिसला की आपण त्याला बोलीभाषेत सहज 'तो' म्हणतो. खरं तर तो बहुधा 'ती' असते. दीडशे किलोच्या वरचे जवळजवळ सगळे तलवार मासे माद्या असतात. हिंदी महासागरात नर एक ते तीन वर्षांत वयात येतो, मादीला सहा-सात वर्षं लागतात. एका मोठ्या मादीच्या पोटात लाखो अंडी असतात. मोठी मासळी आली म्हणून आनंद होतो तेव्हा हेही आठवायला हवं, असं मला मनापासून वाटतं. उत्तर अटलांटिकमध्ये हे उशिरा आठवलं. तिथे मासे लहान लहान होत गेले, तेव्हा १९९८ मध्ये अमेरिकेतल्या आचाऱ्यांनी आपल्या हॉटेलांत तलवार मासा वाढणं बंद केलं. पुढच्या वर्षी देशांनी मिळून पकडीवर मर्यादा घातली आणि दहा वर्षांत मासा सावरला. माणसानं आवरतं घेतलं की समुद्र परत देतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मला ठाऊक नाही. आवरतं घ्यायचा एक प्रयत्न आपल्याकडेही झाला: आपल्या पाण्यात एलईडीच्या झगझगीत दिव्यांनी रात्रीची मासेमारी करायला केंद्रानं नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी त्यासाठी किती आवाज उठवला, हे सीमाभागातल्या वाचकांना आठवत असेल.

घाट चढून बर्फात येणाऱ्या मासळीत बेळगावच्या कॅम्पातल्या फिश मार्केटला कधी जाड, बिनकाट्याची, घट्ट तुकडी दिसली तर ती कशाची, हे जरूर विचारा. तलवार माशाचं मांस तव्यावर सुटत नाही, तेलकट आणि चवीला भरदार असतं. पण तो शिकारी माशांचाही शिकारी असल्यानं पारा त्याच्या अंगात साठत जातो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आणि लहान मुलांनी तो खाऊ नये. घरात हे सांगायला संकोच करू नका.

चांदण्याचाही तलवार माशाच्या रोजच्या घाटावर परिणाम होतो. पौर्णिमेला उजेड पाण्यात खोलवर शिरतो आणि तलवार मासा काहीसा खालीच राहतो. अवसेला तो सगळ्यांत वर असतो. लक्ष्मीपूजनाची रात्र म्हणजे आश्विनातली अवस. निपाणीत पणत्या लागतील, बेळगावात खडेबाजारातल्या दुकानांत वह्यांची पूजा होईल, त्याच सुमाराला मांडवीच्या मुखापासून दीडशे किलोमीटर आत, काळ्याभोर पाण्यात, गरम डोळ्यांची एक मोठी मादी माकुलाच्या मागोमाग वर येत असेल.