चिनी भित्तिपत्रके : समज आणि वस्तुस्थिती

लाल पार्श्वभूमीवर मुठी उंचावलेले आफ्रिकी, व्हिएतनामी आणि लॅटिन अमेरिकी योद्धे ज्यांत एकाच दिशेला रोखून पाहतात, अशी माओकालीन चिनी भित्तिपत्रके पाहणाऱ्याचा सहसा असा ग्रह होतो की, ही चित्रे त्या त्या लढाऊ देशांना धीर देण्यासाठी रवाना होत असावीत. वस्तुतः त्यांपैकी बहुसंख्य चित्रे चिनी प्रजेसाठीच छापली जात, शिन्ह्वा या सरकारी पुस्तकभांडारांतून अल्प किमतीत विकली जात आणि शाळा-कारखान्यांच्या भिंतींवर लागत. जगातील पीडित राष्ट्रे आपल्या पाठीशी आहेत, हे स्वकीयांच्या मनावर ठसविणे हा त्यांचा मुख्य हेतू.

मुक्तिलढा म्हटला की चीनचा पाठिंबा ठरलेलाच, हा समज तर याहूनही दृढ. आणि बांगलादेश इतका शेजारी असताना तो आपल्याकडे टिकावा, याचे नवल वाटते. १९७१ साली पेकिंग सरकार पाकिस्तानच्या बाजूस उभे राहिले, आणि ऑगस्ट १९७२ मध्ये सुरक्षा परिषदेत त्याने आपला पहिला नकाराधिकार वापरला तो बांगलादेशाचा संयुक्त राष्ट्रांतील प्रवेश अडविण्यासाठी. ज्या व्हिएतनामच्या शौर्याची चित्रे वर्षानुवर्षे छापली, त्याच्याच मुलखावर १९७९ साली चिनी फौजा चालून गेल्या. म्हणून सारा मामला केवळ कागदीच होता, असे मात्र नव्हे: टांझानिया-झांबियाची सुमारे १,८६० किलोमीटरची रेल्वे चीनने बिनव्याजी कर्ज देऊन १९७० ते १९७५ या काळात बांधून दिली.

शिवाय हा स्नेह चीनकडूनच इतरांकडे वाहत होता, असेही नाही. जपानी आक्रमणाने जर्जर झालेल्या चीनसाठी सेनापती झू द यांनी नेहरूंकडे साहाय्य मागितले, तेव्हा सुभाषबाबूंच्या अध्यक्षपदाच्या काळात, १९३८ साली, काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक धाडले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस रणांगणावर गोळी लागून पडले, अशी अनेकांची समजूत आहे. प्रत्यक्षात बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराने त्यांचा अंत झाला. वय अवघे ३२. हे पथक धाडण्यात ज्यांचा पुढाकार होता ते नेहरू त्या दिवशी नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते.

कोटणीसांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट चीनने १९८२ साली काढले; आपल्या टपाल खात्याने ते काढायला १९९३ साल उजाडले.