जुन्या गिटार व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमध्ये अधिक ओव्हरड्राइव्ह : फेंडर चॅम्प ५एफ१चे उदाहरण

या पाठात आपण एका जुन्या, साध्या गिटार ॲम्प्लिफायरचे सर्किट समजून घेऊ आणि त्यात ओव्हरड्राइव्ह लवकर यावा म्हणून कोणते बदल करता येतात ते गणितासह पाहू. ट्रायोड व्हॉल्व्ह, ओहमचा नियम आणि डेसिबल या संकल्पना विद्यार्थ्यांना माहीत आहेत असे गृहीत धरले आहे.

पाठाचा मुख्य मुद्दा असा : ओव्हरड्राइव्ह वाढवणे म्हणजे आवाज वाढवणे नव्हे. ॲम्प्लिफायर जेवढी शक्ती देऊ शकतो तेवढीच देतो. बदलाने फक्त एवढेच होते, की सिग्नल मर्यादेला आधी पोहोचतो आणि तिथे पोहोचताना त्याचा आकार वेगळा होतो. हे ध्यानात घेतले तर दोन लहान, पूर्ववत करता येण्याजोगे बदल पुरेसे ठरतात आणि जुन्या वस्तूची मोडतोड टळते.

१. चॅम्प ५एफ१ची रचना

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस हा ॲम्प्लिफायर तयार केला. त्याची शक्ती सुमारे ५ वॅट आहे. त्यात तीनच व्हॉल्व्ह असतात.

• १२एएक्स७ : एका काचेत दोन ट्रायोड. पहिला ट्रायोड म्हणजे पहिला टप्पा, दुसरा ट्रायोड म्हणजे दुसरा टप्पा.
• ६व्ही६जीटी : आउटपुट व्हॉल्व्ह. एकटाच काम करतो, म्हणून या रचनेला सिंगल-एंडेड म्हणतात.
• ५वाय३ : एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर.

सिग्नलचा मार्ग सरळ आहे. गिटार, पहिला ट्रायोड, १ मेगाओहमचा व्हॉल्यूम, दुसरा ट्रायोड, ६व्ही६, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, स्पीकर. दोन्ही ट्रायोडच्या प्लेटला १०० किलोओहमचा आणि कॅथोडला १.५ किलोओहमचा रेझिस्टर आहे. टप्प्यांमधले कपलिंग कपॅसिटर ०.०२ मायक्रोफॅरडचे आहेत. स्पीकरकडून २२ किलोओहमचा एक रेझिस्टर दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडकडे परत येतो. हा निगेटिव्ह फीडबॅकचा मार्ग आहे.

आपल्याकडच्या जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचा ऑडिओ विभाग ज्यांनी उघडून पाहिला असेल, त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. तिथेही एक ट्रायोड आणि एक आउटपुट व्हॉल्व्ह अशीच जोडी असते.

२. ओव्हरड्राइव्ह म्हणजे नेमके काय?

६व्ही६च्या कॅथोडवर ४७० ओहमचा रेझिस्टर आहे. त्यातून जाणाऱ्या प्रवाहामुळे कॅथोड सुमारे २० व्होल्ट वर राहतो, म्हणजेच ग्रिड कॅथोडच्या तुलनेत उणे २० व्होल्टवर असतो. ग्रिडवर येणारा सिग्नल २० व्होल्ट शिखरमूल्यापेक्षा कमी असेल, तोवर व्हॉल्व्ह त्याची बऱ्यापैकी विश्वासू नक्कल करतो.

सिग्नल याहून मोठा झाला की दोन गोष्टी घडतात. धन बाजूला ग्रिड कॅथोडपेक्षा वर जाऊ पाहतो, ग्रिडमधून प्रवाह वाहू लागतो आणि लाटेचा माथा चपटा होतो. ऋण बाजूला व्हॉल्व्हमधला प्रवाह बंद होण्याच्या जवळ येतो आणि लाटेचा तळ दबतो. दोन्ही बाजू सारख्या दबत नाहीत, म्हणून मूळ स्वरासोबत दुसरा, तिसरा आणि त्यापुढचे हार्मोनिक मिसळतात. कानाला हा आवाज भरदार आणि खरखरीत वाटतो. यालाच ओव्हरड्राइव्ह म्हणतात.

तेव्हा प्रश्न एवढाच उरतो : गिटारचा सिग्नल ६व्ही६च्या ग्रिडवर २० व्होल्ट होण्यासाठी व्हॉल्यूम किती फिरवावा लागतो?

३. काम सुरू करण्यापूर्वी

हा भाग वगळून पुढे जाऊ नये. या ॲम्प्लिफायरच्या आत ३०० व्होल्टहून अधिक डीसी असते. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये प्राणघातक विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

• प्लग काढा. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपच्या साहाय्याने प्रत्येक फिल्टर कपॅसिटरच्या दोन टोकांना काही सेकंद लावून तो रिकामा करा. त्यानंतर मीटरने व्होल्टेज शून्याजवळ आल्याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका.
• चालू स्थितीत मोजमाप करावेच लागले तर एक हात खिशात ठेवा. अनुभवी व्यक्ती शेजारी असावी.
• मूळ वायर दोन पिनची असते. तिच्या जागी तीन पिनची वायर बसवून अर्थ थेट चॅसिसला घट्ट जोडणे, हा पहिला आणि सर्वांत आवश्यक बदल आहे.
• स्पीकर जोडलेला नसताना ॲम्प्लिफायर चालवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

भारतात आणखी एक मुद्दा येतो. अमेरिकन बाजारासाठी बनवलेला चॅम्प ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी आहे आणि आपला पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा. म्हणून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. वारंवारता कमी असल्याने ११० व्होल्ट दिले तरी ॲम्प्लिफायरच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातील चुंबकीय अभिवाह मूळच्यापेक्षा सुमारे १३ टक्के अधिक असतो आणि तो जास्त तापतो. त्यामुळे ११० व्होल्टच्या वर जाऊ नये. शिवाय काही स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरच्या सॉकेटला अर्थची पिनच नसते. ती आहे का, आणि भिंतीच्या अर्थशी खरोखर जोडलेली आहे का, हे मीटरने तपासावे.

४. पहिला बदल : कॅथोड बायपास कपॅसिटर

पहिल्या ट्रायोडच्या कॅथोड रेझिस्टरला समांतर कपॅसिटर नाही. त्यामुळे सिग्नलसोबत कॅथोडही वरखाली होतो आणि विवर्धन कमी राहते. हा एक स्थानिक फीडबॅकच आहे.

१२एएक्स७चा विवर्धन गुणांक १०० आणि अंतर्गत रोध सुमारे ६२.५ किलोओहम धरू. प्लेटचा १०० किलोओहम आणि व्हॉल्यूमचा १ मेगाओहम समांतर धरल्यास भार सुमारे ९१ किलोओहम येतो.

कपॅसिटर नसताना विवर्धन = १०० × ९१ ÷ (९१ + ६२.५ + १०१ × १.५) ≈ ३०

कपॅसिटर असताना विवर्धन = १०० × ९१ ÷ (९१ + ६२.५) ≈ ५९

म्हणजे एका कपॅसिटरने विवर्धन जवळजवळ दुप्पट, सुमारे ६ डेसिबलने वाढते.

कपॅसिटर किती मोठा घ्यावा? २५ मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा घेतल्यास सर्व स्वर सारखेच वाढतात. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सुमारे ८२ हर्ट्झ आहे. तोही दुप्पट होतो. पण ८ इंची स्पीकर असलेल्या छोट्या पेटीत खालचे स्वर जास्त झाले की ओव्हरड्राइव्ह चिखलासारखा होतो, स्वर एकमेकांत मिसळतात. ०.६८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतल्यास वाढ सुमारे १५६ हर्ट्झपासून सुरू होऊन ३१० हर्ट्झच्या वर जवळजवळ पूर्ण होते. जाड तारांचा मूळ स्वर होता तिथेच राहतो, मधले आणि वरचे स्वर पुढे येतात. बहुतेक वादकांना हाच पर्याय आवडतो.

२५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक असतो. त्याचे धन टोक कॅथोडला आणि ऋण टोक चॅसिसला जोडावे. मूळ रेझिस्टर काढायचा नाही. कपॅसिटर त्याच्या दोन टोकांवर सोल्डर करायचा.

५. दुसरा बदल : निगेटिव्ह फीडबॅकला स्विच

स्पीकरवरचा सिग्नल २२ किलोओहममधून दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडकडे येतो. २२ आणि १.५ किलोओहमच्या विभागणीमुळे स्पीकरच्या व्होल्टेजचा सुमारे ६.४ टक्के भाग परत पोहोचतो आणि मूळ सिग्नलमधून वजा होतो.

५ वॅटला ३.२ ओहमच्या स्पीकरवर ४ व्होल्ट आरएमएस, म्हणजे सुमारे ५.७ व्होल्ट शिखरमूल्य असते. त्याचा ६.४ टक्के भाग ०.३६ व्होल्ट. दुसऱ्या टप्प्याचे विवर्धन वरच्याच रीतीने काढल्यास सुमारे २४ येते. म्हणून ६व्ही६ला २० व्होल्ट देण्यासाठी या टप्प्याच्या ग्रिडवर

फीडबॅक नसताना २० ÷ २४ ≈ ०.८२ व्होल्ट,
फीडबॅक असताना ०.८२ + ०.३६ ≈ १.१८ व्होल्ट लागतात.

फरक सुमारे ३ डेसिबलचा आहे. पण फीडबॅकचा परिणाम एवढाच नाही. तो मर्यादेपर्यंत आवाज स्वच्छ ठेवतो आणि मर्यादा आली की एकदम सोडून देतो. तो काढल्यास ओव्हरड्राइव्ह हळूहळू, आधीपासून शिरतो आणि स्पीकरवरची पकड सैल होऊन आवाज अधिक मोकळा होतो.

२२ किलोओहमच्या रेझिस्टरच्या मालिकेत एक छोटा स्विच लावला की दोन्ही आवाज हाताशी राहतात. त्यासाठी चॅसिसला नवे भोक पाडू नये. दोन इनपुटपैकी एकाच्या जागी तात्पुरता स्विच बसवता येतो.

येथे एक सापळा आहे. पहिल्या टप्प्याला कपॅसिटर लावून फायदा झाला, म्हणून दुसऱ्या टप्प्याच्या कॅथोडलाही तसाच लावला, तर परत येणारा सिग्नल त्या कपॅसिटरमधून थेट चॅसिसकडे जातो आणि फीडबॅक निकामी होतो. मग स्विचचा उपयोग उरत नाही.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर पूर्वी कधी बदललेला असेल आणि फीडबॅक जोडताच किंचाळल्यासारखा आवाज येत असेल, तर फीडबॅक उलट कलेत जोडला गेला आहे. ॲम्प्लिफायर बंद करून ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकरकडच्या दोन तारांची अदलाबदल करावी.

६. सोडवलेले उदाहरण

व्हॉल्यूम अर्ध्यावर आहे. ऑडिओ प्रकारच्या व्हॉल्यूममधून अर्ध्यावर साधारण दहावा भाग सिग्नल पुढे जातो. हलक्या हाताने तार छेडली तर ०.१ व्होल्ट, जोरात छेडली तर ०.२ व्होल्ट शिखरमूल्य मिळते असे धरू.

मूळ सर्किट : दुसऱ्या ग्रिडवर हलक्या हाताने ०.१ × ३० × ०.१ = ०.३ व्होल्ट, जोरात ०.६ व्होल्ट. मर्यादा १.१८ व्होल्ट. दोन्ही वेळा आवाज स्वच्छ.

दोन्ही बदलांनंतर : हलक्या हाताने सुमारे ०.६ व्होल्ट, जोरात सुमारे १.२ व्होल्ट. मर्यादा ०.८२ व्होल्ट. हलका हात स्वच्छ राहतो, जोरात छेडल्यावर ओव्हरड्राइव्ह येतो.

एकूण फरक सुमारे ९ डेसिबल, म्हणजे जवळजवळ तिप्पट. स्पीकरवरची कमाल शक्ती मात्र ५ वॅटच्या आसपासच राहिली. वादकाला जे हवे असते ते हेच : व्हॉल्यूमला हात न लावता, बोटांच्या जोरावर स्वच्छ आणि खरखरीत आवाजात ये-जा करता येणे. याची किंमतही आहे. पहिल्या टप्प्यातली सळसळ आणि गुणगुण तेवढीच वाढते.

७. जे बदल टाळावेत

व्हॉल्व्ह बदलून विवर्धन वाढवणे : १२एएक्स७ हा त्याच्या कुळातला सर्वाधिक विवर्धनाचा व्हॉल्व्ह आहे. १२एटी७चा गुणांक सुमारे ६० आणि १२एयू७चा २० च्या आत. तेव्हा बदलून विवर्धन कमीच होईल.

कपलिंग कपॅसिटर मोठे करणे : ०.०२ मायक्रोफॅरड आणि ६व्ही६चा २२० किलोओहमचा ग्रिड रेझिस्टर मिळून कालस्थिरांक ४.४ मिलिसेकंद होतो. ०.१ मायक्रोफॅरड घातल्यास तो २२ मिलिसेकंद होईल. ग्रिड-प्रवाहाने भारित झालेला कपॅसिटर मग सावकाश रिकामा होतो आणि तोवर आवाज गुदमरतो.

तिसरा विवर्धन टप्पा : ही कल्पना फार फलदायी ठरली आहे. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस फेंडर बासमनच्या सर्किटवरून जेटीएम४५ तयार झाला आणि १९७५ च्या २२०३ मॉडेलमध्ये टप्पे एकापुढे एक जोडून मास्टर व्हॉल्यूम दिला गेला. कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांनी छोट्या फेंडर प्रिन्स्टनमध्ये बासमनचे सर्किट आणि १२ इंची स्पीकर बसवला. त्यातूनच पुढे मेसा बूगी ॲम्प्लिफायर आले. पण त्या काळी हे ॲम्प्लिफायर नवेच होते. आज मूळ अवस्थेतला ५एफ१ दुर्मीळ आहे. चौथ्या व्हॉल्व्हसाठी चॅसिस कापले की ते पूर्ववत होत नाही, आणि पॉवर ट्रान्सफॉर्मरवरचा भारही वाढतो. असा प्रयोग करायचा असेल तर त्याच सर्किटवर नवा ॲम्प्लिफायर बांधावा. भाग थोडे आहेत आणि शिकायला तो अधिक चांगला आहे.

८. सारांश

• ओव्हरड्राइव्ह सिग्नल आणि मर्यादा यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो.
• बायपास कपॅसिटर सिग्नल मोठा करतो. फीडबॅक काढल्याने मर्यादेला पोहोचायला कमी सिग्नल पुरतो.
• अर्थ आणि सुरक्षितता आधी, आवाज नंतर.
• काढलेला प्रत्येक मूळ भाग पाकिटात घालून पेटीतच ठेवावा आणि केलेला बदल तारखेसह लिहून ठेवावा.

स्वाध्याय

१. पहिल्या टप्प्याचा कॅथोड रेझिस्टर १.५ ऐवजी २.७ किलोओहम असता, तर कपॅसिटर नसताना विवर्धन किती आले असते?
२. केवळ फीडबॅक काढला आणि कपॅसिटर लावला नाही, तर भाग ६ मधील उदाहरणात जोरात छेडलेली तार ओव्हरड्राइव्ह देईल का?
३. २२ ऐवजी ४७ किलोओहमचा फीडबॅक रेझिस्टर घातल्यास स्पीकरवरच्या व्होल्टेजचा किती टक्के भाग परत येईल? आवाजात कोणता बदल अपेक्षित आहे, ते दोन वाक्यांत लिहा.