पॅसेंजर गाडीतला शनिवार-रविवार

जर्मनीत शिकायला आलेल्या आपल्या मुलांचा पहिला बेत ठरलेला असतो: दोन दिवसांत पॅरिस, ब्रुसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम. आखन हे विद्यापीठाचं गाव बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेला लागूनच असल्यामुळे तिथून तर हे जमतंही. मी आखनमध्येच शिकत होते आणि माझं मत उलटं आहे. पहिल्याच सत्रात वर्गातली चार-पाच मुलं गोळा करावीत आणि साध्या गाडीने तीनेक तासांवरच्या एखाद्या छोट्या गावी मुक्कामाला जावं. खिशात फार पैसे नसलेल्या तरुणांना हिंडता यावं म्हणून या देशात शंभर वर्षांहून अधिक काळ खटपट झाली आहे, आणि तिचा लाभ बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यालाही पुरेपूर मिळतो.

तिकिटाचंच बघा. १९९५ साली जर्मन रेल्वेने शनिवार-रविवारचं एक तिकीट काढलं: पाच माणसं, १५ मार्क आणि देशभरातल्या सगळ्या साध्या गाड्या. ते २०१९ मध्ये बंद झालं, पण राज्याराज्यांची पाच जणांपर्यंतची दिवसभराची तिकिटं आजही मिळतात. मे २०२३ मध्ये महिनाभराचं 'डॉइचलांडटिकेट' आलं, तेव्हा ४९ युरोंना. नंतर ते महागलं, तरी अनेक विद्यापीठांत ते सत्राच्या शुल्कातच सवलतीने मिळतं. वेगवान आयसीई गाड्यांना ते चालत नाही. माझ्या लेखी तेही बरंच आहे.

आम्ही आल्टेनाला गेलो: इंडोनेशियाची एक, कोलंबियाचा एक, दोघं जर्मन आणि मी. हागेनपर्यंत एक गाडी, तिथे बदलून लेने नदीच्या कडेकडेने दुसरी. वाटेत वुपरटाल लागतं. तिथे नदीवर उलटी टांगलेली रेल्वे १९०१ पासून धावते. उतरून तिच्यात बसावंच. प्रयोगशाळेत शेजारी उभं राहूनही ज्यांची मला नुसती नावं ठाऊक होती, त्यांच्या घरी कोण कोण असतं हे पहिल्या तासाभरातच कळलं. मी तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या. कोलंबियाच्या मुलाने पुरीतला ओव्याचा दाणा चिमटीत धरून हुंगला आणि विचारलं, "हे औषध आहे का?" पोट दुखलं की आजी हेच देते, असं मी सांगितलं, तेव्हा त्याने आणखी दोन पुऱ्या उचलल्या.

आल्टेनाच निवडलं, कारण जगातलं पहिलं कायमस्वरूपी युथ हॉस्टेल तिथल्या गडावर १९१२ मध्ये सुरू झालं. रिखार्ड शिरमान हे तिथले शाळामास्तर. ऑगस्ट १९०९ मध्ये ते मुलांना घेऊन आल्टेनाहून पायी निघाले होते आणि जायचं होतं थेट आखनला. वाटेत वादळाने गाठलं, तेव्हा ब्र्योल गावच्या शाळेत पेंढ्यावर रात्र काढावी लागली. सुट्टीत ओस पडणाऱ्या शाळा अशाच हिंडणाऱ्या मुलांना निजायला का देऊ नयेत, हा विचार त्या जागरणात त्यांच्या मनात आला. हिमालयातल्या ट्रेकमुळे आपल्याकडे घरोघरी माहीत असलेल्या युथ हॉस्टेल चळवळीचं मूळ तेच. गडावर ते जुनं हॉस्टेल जसंच्या तसं जपलं आहे. जाड लाकडाचे तीनमजली पलंग भिंतीशी रांगेने उभे आहेत. एका मास्तरांच्या काळजीतून हे सगळं उभं राहिलं, या विचाराने मला तिथून पाय काढवेना.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी. हॉस्टेलचं सदस्यत्व लागतं. २६ वर्षांपर्यंतच्यांना ते स्वस्त पडतं. रविवारी दुकानं कायद्यानेच बंद असतात, म्हणून ब्रेड, चीज, टोमॅटो शनिवारीच घ्यावेत. फार तर मोठ्या स्टेशनांवर काही मिळेल. सीमा ओलांडायची असेल तर पासपोर्ट आणि निवास परवान्याचं कार्ड, दोन्ही जवळ हवीत. इतर शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, पण सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या भूसीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे.

हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं आणि त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. नोव्हेंबरात पाचच्या आतच अंधारतं. त्यामुळे डोंगर-गडांचा पहिला मुक्काम दिवाळीच्या सुमारासच उरकावा. नोव्हेंबरअखेरीपासून गावोगावी ख्रिसमसचे बाजार भरतात. तिथे जायचं झालं, तर गाव वर्गातल्या जर्मन मुलांना निवडू द्यावं.