बेगडी तलवार आणि विमानतळावरील पहारा

रंगभूमीवरील शस्त्रें खोटीं असतात हें प्रेक्षकांस पक्कें ठाऊक असतें. तरी अफझलखानाच्या भेटीचा प्रवेश सुरू झाला म्हणजे पुढच्या रांगेंतील मुलें आईच्या पदराआड तोंड लपवितात. वेदान्ताच्या विद्यार्थ्यास रज्जुसर्पाचा दृष्टांत आरंभींच शिकवितात. अंधारांत दोरीवर सापाचा भास झाला तर दोरी कांहीं चावत नाहीं. परंतु भ्यालेला मनुष्य पळतां पळतां खड्ड्यांत पडून पाय मोडून घेतो, आणि तो मोडलेला पाय भासात्मक नसतो. लांकडी तलवार किंवा खेळण्यांतील पिस्तूल घेऊन विमानतळावर जाणाऱ्या मंडळींशी तेथील पहारेकरी जें वर्तन करतात, त्याचें मर्म या दृष्टांतांत आहे असें माझें मत आहे.

हा विषय आतां नाटकमंडळ्यांपुरता राहिलेला नाहीं. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ सालापासून चालू आहे. उत्तर अमेरिकेंत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालीं स्थापन झालें. अशा मंडळांतून शिवजयंतीस वा गणेशोत्सवांत एखादा ऐतिहासिक प्रवेश बसविला कीं जिरेटोप, कवड्यांची माळ आणि तलवार पुष्कळदां इकडूनच जाते, आणि ती नातवंडांस भेटावयास निघालेल्या आजीआजोबांच्या सामानांतून जाते. देशांतल्या देशांतही तीच गोष्ट. प्रतापगड पाहून बंगळुरास वा दिल्लीस परतणाऱ्या कुटुंबांतील लहानग्याच्या हातांत गडाच्या वाटेवर घेतलेली लांकडी तलवार असते, व ती तो कोणाच्याही हातीं द्यावयास तयार नसतो.

आमच्या गांवच्या एका हौशी नाट्यमंडळावर असाच प्रसंग गुदरला. संभाजीची भूमिका करणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलानें आपल्या पणजोबांनीं सागवानाची घडविलेली कट्यार पाठीवरच्या पिशवींत घेतली होती. तिच्या पात्यास बेगड लाविलेली होती व मुठीवर त्या वृद्धानें चाकूनें वर्ष कोरलेलें होतें, १९५२. तपासणींत ती बाहेर निघाली. विमान सुटावयास पाऊण तास उरलेला, मोठ्या पेट्या आधींच आंत गेलेल्या, पोंचवावयास आलेली मंडळी घरच्या वाटेस लागलेली. कट्यार मागें ठेवावी कीं प्रयोग बुडवावा एवढाच प्रश्न होता. ती तेथेंच राहिली. मुलगा वाटभर रडला, आणि परत आल्यावर मंडळाच्या चालकांनीं त्या जवानाची हकीकत गांवभर अशा थाटांत सांगितली कीं जणू औरंगजेबाचा सरदारच तेथें बसला होता. “अहो, लांकडाची कट्यार! तिनें काकडी तरी चिरेल काय?” हें त्यांचें पालुपद. मुलाचें दुःख मला खरें वाटलें. चालकांचा राग मात्र अस्थानीं वाटला. कोणाच्या पिशवींत काय आहे हें निघतांना पाहणें त्यांचें काम होतें.

काकडी न चिरणाऱ्या शस्त्रानें काय होऊं शकतें हें पाहण्यास १९७१ सालापर्यंत मागें जावें लागतें. त्या वर्षीं ३० जानेवारीस श्रीनगरहून जम्मूस निघालेलें इंडियन एअरलाइन्सचें ‘गंगा’ नांवाचें फॉकर विमान दोन काश्मिरी तरुणांनीं धाक दाखवून लाहोरास नेलें. त्यांच्यापाशीं होतें काय? एक नकली पिस्तूल आणि एक लांकडी हातबॉम्ब! वैमानिकानें काय करावयाचें होतें? हजारों फूट उंचीवर, मागें प्रवासी बसलेले असतांना, समोरच्या वस्तूची परीक्षा करीत बसण्याची सवड कोणास असते? प्रवासी व कर्मचारी सुखरूप परत आले. विमान मात्र लाहोरच्या विमानतळावर जाळण्यांत आलें. त्यावर ४ फेब्रुवारीस भारतानें आपल्या प्रदेशावरून पाकिस्तानी विमानांचें उड्डाण बंद केलें. त्या काळीं पाकिस्तानचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग होते, आणि पश्चिमेकडून ढाक्यास जाणाऱ्या विमानांस श्रीलंकेचा वळसा घेणें प्राप्त झालें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत युद्ध होऊन बांगला देश स्वतंत्र झाला. या साऱ्याचें कारण तो लांकडी गोळा, असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. तीं कारणें फार खोल होतीं. परंतु दोन देशांमधला आकाशमार्ग एका लांकडाच्या तुकड्यानें बंद पाडला, ही गोष्ट इतिहासांत नोंदलेली आहे.

दुसरें उदाहरण २० डिसेंबर १९७८ चें. लखनौहून दिल्लीस जाणारें विमान दोघां तरुणांनीं खेळण्यांतील शस्त्रांच्या धाकानें वाराणसीस उतरविलें. इंदिरा गांधींची कारागृहांतून मुक्तता करावी ही त्यांची मागणी होती. पुढें ते दोघेही शरण आले. आणि १९८० सालीं उत्तर प्रदेशाच्या विधानसभेंत निवडूनही आले! या उत्तरार्धावर मी टीका करीत नाहीं, वाचकांनींच ती करावी.

ज्यांचा या खोट्या शस्त्रांवर विश्वास बसला त्यांस भोळे म्हणतां येत नाहीं. विमानांत खोट्याची खात्री करून घेण्याचा एकच मार्ग असतो, तो म्हणजे धोका पत्करून पाहणें. म्हणून ही परीक्षा जमिनीवर आणि तीही वस्तूच्या रूपावरूनच करावी लागते. विमान-अपहरणाविरुद्धच्या २०१६ च्या आपल्या कायद्यांतही, खरी वाटावी अशा परिस्थितींत दिलेली अपहरणाची धमकी हाच गुन्हा ठरविला आहे. नाटकाची तलवार पिशवींत विसरणारा मनुष्य या कलमांत येत नाहीं हें उघड आहे. पण कायद्याची दृष्टि कोणती तें यावरून कळतें.

आतां तपासणीच्या यंत्राविषयीं. ज्या चौकटींतून आपण चालत जातों ती धातु ओळखते. लांकूड तिला दिसत नाहीं. ‘गंगा’ विमानांतला तो हातबॉम्ब अशा चौकटींतून मुकाट्यानें निघून गेला असता. सामान ज्या क्ष-किरण यंत्रांतून जातें तें मात्र पदार्थांचा भेद रंगांनीं दाखवितें: लांकूड, कापड, कागद, अन्न हे नारिंगी, पोलादासारखे धातु निळे, मधल्या घनतेचे हिरवे. म्हणजे आपल्या कट्यारीचें चित्र पडद्यावर नारिंगी रंगाचें, पण हुबेहूब कट्यारीच्या आकाराचें दिसतें. पडद्यापुढें बसलेल्या जवानास आकार दिसतो. आपला हेतु, आपली भूमिका, आपल्या पणजोबांची आठवण यांपैकीं कांहींच दिसत नाहीं. कंदाहार प्रकरणानंतर फेब्रुवारी २००० मध्यें जयपूरपासून आरंभ करून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे देशांतील विमानतळ सोंपविण्यांत आले, तेव्हांपासून हें काम बहुतेक ठिकाणीं त्यांचे जवान करतात. त्यांनीं सौजन्यानें बोलावें ही अपेक्षा रास्त आहे. सवलत द्यावी ही अपेक्षा रास्त नाहीं.

येथें एक गंमत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनानें चित्रपटांतील ती चकाकणारी ‘लाइटसेबर’ तलवार हातच्या सामानांतही नेण्यास मुभा दिली आहे. कारण सरळ आहे: तसलें शस्त्र जगांत कोठेंच नाहीं, मग तिला कोण भिणार? प्रतिकृतीचा दोष तिच्या मूळ वस्तूंत असतो.

उपाय फार कठीण नाहींत. शस्त्राची कोणतीही प्रतिकृति हातच्या पिशवींत घेऊं नये. ती विमानाच्या पोटांत जाणाऱ्या पेटींत घालावी, आणि त्याआधीं विमान कंपनीस पत्र लिहून उत्तर हातीं ठेवावें, कारण कंपन्यांचे नियम एकमेकांहून कडक असूं शकतात. तलवार म्यानांत घालून वर जाड कापड गुंडाळावें, म्हणजे पेटी उघडणाऱ्याच्या हातास इजा होणार नाहीं. आंत वस्तूंची यादी, मंडळाचें पत्र व पात्राच्या वेषांतील एक छायाचित्र सर्वांत वर ठेवावें. भाल्याचे तीन तुकडे करतां येतील असा तो बनवून घ्यावा. पिस्तुलाच्या टिकल्यांची डबी म्हणजे स्फोटक पदार्थ. ती कोठल्याच सामानांत चालत नाहीं. नकली बॉम्ब तर अमेरिकेंत पोटांतल्या सामानांतही वर्ज्य आहे, व इतरत्रही त्याच्या वाटेस जाऊं नये. देशांतर्गत प्रवासांत शीख बांधवांस सहा इंचांपर्यंत पात्याची, एकंदर नऊ इंचांची कृपाण जवळ ठेवतां येते. ती धर्माची बाब आहे, नाटकवाल्यांनीं तिचा दाखला देऊन वाद घालूं नये.

पोलादी पात्याची गोष्ट वेगळी. शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब पात्याच्या तलवारी शस्त्रांतच मोडतात. तेव्हां धार काढून टाकलेल्या तलवारीस “ही नाटकांतली आहे” एवढें म्हणून भागेल असें धरूं नये. प्रवासासाठीं लांकूड आणि बेगडच बरी.

लहान मुलांच्या बाबतींत तलवार आदल्या रात्रींच, त्यांच्या देखत, मोठ्या पेटींत भरावी. विमानतळावर पोंचल्यावर आठवण झाली तरी सामान देण्याच्या खिडकीपर्यंत वेळ गेलेली नसते. ती खिडकी ओलांडून तपासणीच्या रांगेंत उभें राहिल्यावर मात्र मुलास समजावणें एवढेंच हातीं उरतें.

परदेशीं जातांना त्या त्या देशाचा कायदाही पाहावा लागतो. इंग्लंड व वेल्समध्यें ६ एप्रिल २००८ पासून पन्नास सेंटिमीटर वा अधिक लांबीच्या वक्र पात्याच्या तलवारींच्या आयातीवर निर्बंध आहेत, आणि आपली मराठी तलवार पुष्कळदां वक्र असते. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नकली बंदुकांवर तेथें २००६ च्या कायद्यानें बंदी असून नाटक-चित्रपटांस अपवाद ठेवला आहे. पण तो अपवाद आपल्यास लागू पडतो हें आपणच दाखवावें लागतें. अमेरिकेंत १९८८ च्या कायद्यान्वयें खेळण्यांतील बंदुकीच्या नळीच्या टोंकास नारिंगी खूण लागते. ऑस्ट्रेलियांत तर लांकडी वस्तु आणली आहे एवढेंही लिहून द्यावें लागतें, कारण लांकडांतून कीड येईल ही त्यांस धास्ती. तेथें आपल्या सागवानी कट्यारीची तपासणी शस्त्र म्हणून आणि लांकूड म्हणून अशी दोनदां होऊं शकते. जुनी वस्तु असेल तर पेटींत भरण्यापूर्वीं ती चार दिवस उन्हांत ठेवावी, मुठीच्या सांध्यांत भोंकें पडलीं आहेत कीं काय तें पाहावें, आणि भुसा गळत असेल तर ती घरींच ठेवून नवी करून घ्यावी.